दुसऱ्या दिवसाचा आवाज

विश्रांतवाडी, पुणे
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय राधा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडून टाकलं नसशील, असं धरून लिहिते. छत्तीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुझा बडोद्याचा पत्ता आपल्या शाळेच्या मुलींच्या ग्रुपवर मिळाला. मुली म्हणजे काय, सगळ्या साठीच्या. परवा एकीने गुडघ्याचा एक्स-रे टाकला आणि खाली बाराजणींनी गुलाबाची फुलं. तुझा फोन नंबरही होता तिथे. पण फोनवर तू गप्प बसलीस तर मी काय करणार? पत्र लिहिताना निदान तुझं गप्प बसणं ऐकू येत नाही.

मुद्द्यावर येते. चेतनची कॅसेट सापडली आहे.

हो, तीच. बारा फेब्रुवारी एकोणनव्वदची, आमच्या बाहेरच्या खोलीतली. चार गाणी, चारही तुझ्या शब्दांची. माझा भाऊ गेल्यावर तू ती मागायला आली होतीस, आणि मी दारातच सांगितलं होतं की ती पुसली गेली, आईसाठी तिच्यावर बुद्धवंदना रेकॉर्ड केली. ते खरं नव्हतं. तिची एक कॉपी मी पोलंडला मारेककडे पाठवून दिली होती.

एवढं आज कबूल करते.

मारेक तुला आठवत असेल. चेतनचा कॅसेटवाला पत्रमित्र. तेव्हा एक नवा बँड कानावर पडायला काय काय करावं लागायचं, नाही? परदेशातल्या कुठल्यातरी झेरॉक्स मासिकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात पत्ते असायचे. चेतन त्यातले चार निवडायचा आणि इंग्रजीत पत्रं मी लिहायचे, कारण सिस्टर बेनेडिक्टाच्या पट्टीखाली वळण लागलेलं अक्षर घरात माझं एकटीचं होतं. पत्रासोबत आपल्याकडच्या कॅसेटांची यादी. मग तीन महिने वाट. पाकीट आलं की त्यावरची तिकिटं भिजवून परत पाठवायची. शिक्का धुऊन निघावा म्हणून पाठवणाऱ्याने त्यांवर आधीच डिंक फासलेला असायचा. मॉरल सायन्सला पहिल्या येणाऱ्या तू आणि मी, आमच्या मोरीत परातीत पोलंडची तिकिटं धुवायचो.

कॅसेट आली की रविवारी खोलीत दहा-बारा जण. पहिल्यांदा ऐकताना कोणी बोलायचं नाही, हा चेतनचा नियम. आवडलं नाही तरी पुन्हा ऐकायचं, कारण पुढचं पाकीट येईपर्यंत तेवढंच होतं. नावडतं गाणंसुद्धा तीन महिन्यांत आपलं व्हायचं. आता मी निवृत्त आहे, लॅपटॉप आहे, आणि जे शोधायला चेतनचं कॉलेज बुडालं ते सगळं एका बोटावर आहे. एका दुपारी मी चाळीस बँड ऐकते आणि संध्याकाळी एकाचंही नाव आठवत नाही. एक संपलं की यंत्र आपणच म्हणतं, हेही तुम्हाला आवडेल.

गेल्या महिन्यात असंच चहा झाल्यावर बसले होते. यंत्राने पुढचं सुचवलं. "अज्ञात बँड, पूना, १९८९." चित्र म्हणून कॅसेटच्या पुठ्ठ्याचा फोटो, आणि त्यावर माझं अक्षर.

मी लावलं. आधी ती शांतता आली. तुला ती माहीत आहे, पंखा बंद केल्यावर खोलीत यायची तशी. मग चेतन खाकरला.

राधा, मी त्याच खोलीत बसले होते. घर तेच आहे, खिडक्यांना आता जाळ्या आल्यात एवढंच. मी मान वर करून म्हटलं, "काय रे?" म्हणून गेले, आणि मग कळलं.

मारेक दोन वर्षांपूर्वी वारला. त्याची मुलगी त्याच्या साऱ्या कॅसेटा एकेक करून इंटरनेटवर चढवते आहे. आपल्या टेपखाली जगभरच्या लोकांनी लिहिलंय. चिलीच्या एकाने गिटारचं कौतुक केलंय. जकार्ताचा एक जण विचारतो, हा गाणारा राक्षस कोण, जिवंत आहे का? मला हसू आलं. सिस्टर बेनेडिक्टाने प्रार्थनेसाठी पोटातून श्वास घ्यायला शिकवलं होतं, तोच श्वास तो. कोणीतरी ठामपणे लिहिलं होतं, हे बॉम्बेचं रेकॉर्डिंग आहे. ते मात्र मला सहन झालं नाही. मी खाली लिहिलं, बॉम्बे नाही, पुणे, आणि नेमकं सांगायचं तर विश्रांतवाडी. लिहून झाल्यावर पाहिलं तर माझं नाव, आडनाव, फोटो सगळं शेजारी उमटलेलं.

गाणी ऐक. शेवटच्या गाण्यानंतर थोडं घरगुती बोलणं आहे, ते ऐकू येण्यासारखं नाही. मी सोबत त्या पानाचा पत्ता लिहिते आहे.

तुझी
प्रियदर्शनी

&nbsp;

विश्रांतवाडी
रविवार, १९ ऑक्टोबर

प्रिय राधा,

तुझं उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. पण इथे एक झालं आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

गुरुवारी बेल वाजली. दारात काळ्या टी-शर्टमधली एक मुलगी. टी-शर्टवर कुठल्याशा मेटल बँडचं नाव, झाडाच्या मुळ्यांसारखी अक्षरं, वाचता येतील तर शपथ.

"काकू, 'नॉट बॉम्बे' म्हणणाऱ्या तुम्हीच ना?"

"हो. आणि आपण?"

"अहो-जाहो नका करू नं. मी निकिता. तीन आठवडे मला झोप नाही, तुमच्या टेपने लिटरली वेड लावलंय."

"मग डॉक्टरकडे जायचं. इथे कशाला आलीस?"

ती एवढी मोठ्याने हसली की मी तिला आत घेतलं. अमरावतीची आहे, आयटीत नोकरी करते, बिबवेवाडीत तिघींत मिळून फ्लॅट घेतलाय. जुन्या, कोणाला माहीत नसलेल्या कॅसेटा स्वच्छ करून इंटरनेटवर ठेवणं हा तिचा छंद. नाव, आडनाव आणि विश्रांतवाडी, एवढ्यावर तिने मला शोधलं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं म्हणे.

"काकू, तो व्होकलिस्ट कोण होता? कॉन्टॅक्ट आहे का त्याचा?"

"समोर बसलाय."

तिने कप खाली ठेवला. मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि आईच्या फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "शट अप," म्हणाली, आणि लगेच, "सॉरी काकू."

किती दिवसांनी कोणीतरी माझ्याशी असं बोललं, राधा. मी तिला सगळं दाखवलं. चेतन कुठे बसायचा, शुभंकर त्याच्या मामाच्या बँड पथकातला ढोल उभा करून कुठे वाजवायचा. कॉपी कशी करायचो तेही सांगितलं. आपल्याकडे जोडायची वायर नव्हती. दोन टेपरेकॉर्डर टेबलावर समोरासमोर ठेवायचे, एकावर वाजवायचं, दुसऱ्यावर टिपायचं. पंखा बंद. कुकर बंद. बांगड्या काढून ठेवायच्या. पाऊण तास मूर्तीसारखं बसायचं, आणि शेवटी आपली खूण म्हणून टेबलावर टकटक करायची, म्हणजे पुढच्याला कळावं कोणाच्या हातची कॉपी आहे. माझे दोन ठोके. तुझा एक. चेतनचे तीन भराभर आणि चौथा मुद्दाम उशिरा, आपण "झालं" म्हणेपर्यंत थांबून.

निकिता ऐकता ऐकता गंभीर झाली.

"म्हणजे ही टेप कॉपी आहे? हवेतून केलेली?"

"हो."

"मग बरोबर आहे. काकू, या टेपमध्ये दोन दिवस आहेत."

तिने समजावलं. गाणी ज्या दिवशी वाजली त्या दिवसाचे आवाज स्पीकरमधून आले, म्हणून ते डबीत बंद केल्यासारखे. कॉपी केली त्या दिवशीचे आवाज सरळ माइकवर पडले, म्हणून ते उघडे. तिच्याकडच्या सॉफ्टवेअरने दोन्ही वेगळे काढता येतात. पहिल्या दिवसाच्या आवाजांत भंगारवाला ओरडतो, त्यावरूनच तिने हे मराठी मुलखातलं असं ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी एक कावळा आहे, लांब रेल्वेची शिट्टी आहे.

"आणि एक पाय आहे," ती म्हणाली.

"कसला पाय?"

"कोणीतरी ताल धरलाय. चपलेशिवाय, फरशीवर. चारही गाण्यांना. तुम्ही का?"

कॉपी केली ती चेतन गेल्यावर तीन आठवड्यांनी, पाच मार्चला, रविवारी दुपारी. तुझ्यासाठी करत होते. मी पलंगावर मांडी घालून बसले होते. आई आतल्या खोलीत, आणि आईची कमरेखालची बाजू तेव्हा दोन वर्षं गेलेली होती, तुला माहीत आहे. दाराला आतून कडी होती.

मी निकिताला म्हटलं, "मीच असेन."

"नाही नं काकू," ती हळूच म्हणाली. "तुम्ही गाणाऱ्या आहात. गाणारा ताल ऐकून धरतो. हा पाय गाणं सुरू व्हायच्या आधी सुरू होतो. चारही वेळा. पुढे काय येणार ते ह्याच्या हातातलं असल्यासारखा."

गाणं सुरू करायच्या आधी उजव्या पायाने चार मात्रा कोण मोजायचं, ते मी तिला सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नाही.

ती पुन्हा येणार आहे. मी नको म्हणणार होते.

प्रियदर्शनी

&nbsp;

विश्रांतवाडी
रविवार, २ नोव्हेंबर

राधा,

हे पत्र रजिस्टरने पाठवते आहे. आधीची दोन वाचली नसशील तरी हे वाच. यातलं तुला दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये.

निकिता काल दुपारी आली. भर उन्हाची वेळ, खाली मुलं क्रिकेट खेळत होती. तिने छोटे स्पीकर आणले होते. टेबलावर ठेवले, नेमके जिथे आपले टेपरेकॉर्डर असायचे तिथे. मी सांगितलं नव्हतं.

आधी दुसरा दिवस लावला, नुसता. गाणी पार पुसट, भिंतीपलीकडून आल्यासारखी. पुढे माझी रिकामी खोली. माझी खोली माझ्याच खोलीत वाजत होती. कावळा ओरडला तेव्हा मी खिडकीकडे पाहिलं. पाय होता. अंगठा आणि टाच, अंगठा आणि टाच, फरशीवर चिकटून सुटणारा घामेजलेला तळवा. पलंगापासून लांब, दाराच्या बाजूला. निकिता म्हणाली की माइकपासूनचं अंतर तिला साधारण काढता येतं. तिने बोट दाखवलं तिथे चेतनची खुर्ची असायची. आता तिथे शिवणयंत्र आहे.

चौथं गाणं संपलं. त्यानंतर पहिल्या दिवसाचं बोलणं सुरू होतं, तेच जे मी तुला घरगुती म्हणून लिहिलं. आणि ते सुरू झालं तसा पाय थांबला. गाण्यांच्या मधल्या जागेत तो हलायचा, खुर्ची करकरायची. या बोलण्याच्या वेळी काही नाही. कोणीतरी जीव कानात आणून ऐकावं, तशी शांतता.

मग बोलणं संपतं. माझे दोन ठोके.

मग चार सेकंद काही नाही. मग तीन, भराभर. आणि एक, उशिरा.

निकिताने थांबवलं. "काकू, त्या दिवशी खोलीत दुसरं कोण होतं?"

मी म्हटलं, "कोणी नव्हतं."

"मारेकने केलं असेल नंतर? त्याला ही खूण माहीत असेल."

"माहीत होती."

"पण मग ते तिकडच्या खोलीत वाजलं असतं," ती म्हणाली. ठोके याच टेबलाचे होते. मागे तोच कावळा ओरडत होता.

मग तिने पहिला दिवस लावला, साफ केलेला, आणि बोलणं आलं. शब्द न् शब्द आला. शेवटी दाराची कडी वाजली, आणि आम्ही दोघींनी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"निरोप देताय त्या तुम्ही आहात नं?" निकिताने विचारलं.

आता ऐक. हेच सांगायचं होतं, आणि तीन पत्रं मी त्याच्याभोवती फिरते आहे.

त्या रविवारी, बारा फेब्रुवारीला, साडेचारला शुभंकर ढोल घेऊन गेला. टेप बंद करायचं माझं काम होतं, मी विसरले. चेतन म्हणाला, "प्रियू, मी निघतो आता. राधा पाचला स्टेशनवर येतेय. आईला उद्या सांग, आज नको." तुम्ही जाणार हे मला आधीच माहीत होतं. तूच सांगितलं होतंस, फक्त मला. तुमच्या नारायण पेठेत आमचं आडनाव चालणार नाही, आणि तू थांबायला तयार नव्हतीस. मी तुझ्या गळ्यात पडून रडले होते, आठवतं? तुला वाटलं आनंदाने.

मी बाबा गेल्यापासून आईचं सगळं करत होते. चेतन गेला असता तर त्या घरात मी, आई आणि आईचं भांडं. चेतन गेला असता तर बँड गेला असता, आणि त्या खोलीत पोट फाडून ओरडण्याशिवाय माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं. मी चोवीस वर्षांची होते. ही कारणं आहेत. सबब म्हणून लिहीत नाही.

मी म्हटलं, "शेजारच्यांकडे दुपारी राधाचा फोन आला होता. ती स्टेशनवर नाही येत. दिघीला मावशीकडे गेलीय. तुला तिकडेच बोलावलंय."

तो म्हणाला, "मावशीकडे? मावशीकडे कशाला?"

मी म्हटलं, "मला काय विचारतोस? निरोप दिला."

तो म्हणाला, "बरं."

आणि गेला.

मला गाडी चुकवायची होती, राधा. फक्त एक गाडी. तो दिघीला जाईल, तू नसशील, परत येईल, मला शिव्या देईल, तू रागावशील, चार दिवस जातील. त्या चार दिवसांत काहीतरी सुचेल. दिघीच्या वळणावरच्या ट्रकचा मी विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तू आमच्या जिन्यात उभी राहून विचारलंस, "तो दिघीला कशाला गेला प्रियू?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मग तुझं तूच उत्तर काढलंस. त्याचं मन फिरलं, आणि तो येत नाही असा निरोप ठेवायला तुझ्या मावशीकडे चालला होता. तू ते माझ्यासमोर बोललीस. मी नाही म्हटलं नाही. ग्रुपवरच्या सुनंदाने मध्ये लिहिलं होतं की तू लग्न फार उशिरा केलंस, आणि त्या माणसावर कधी विश्वास टाकू शकली नाहीस. ते वाचून मी फोन उलटा ठेवला.

तो तुझ्याकडेच येत होता. शेवटपर्यंत.

पाच मार्चला गाणी तुझ्यासाठी उतरवायला बसले तेव्हा चौथं गाणं संपताच बटण दाबायचं ठरवलं होतं. पण त्याचा बोलण्याचा आवाज सुरू झाला आणि माझा हात उठला नाही. सगळं कॉपीत उतरलं. मूळ कॅसेटची पट्टी ओढून मी बंबात घातली. कॉपी घालवेना. मारेकची एक कॅसेट आली होती, तिच्या बदल्यात आपली पाठवायची बाकी होती. आपल्या भाषेतलं तिथे कोणाला काही कळणार नाही, आणि तिथून परत कधी काही यायचं नाही, असं तेव्हाचं जग होतं. मी तिकिटांवर डिंक लावला आणि पाकीट पत्रपेटीत टाकलं.

निकिताला हे सगळं मी काल सांगितलं. तिने स्पीकरची वायर काढून घेतली. मग म्हणाली, "काकू, मी एंड कट करू शकते. दोन मिनिटांचं काम आहे. चार गाणी ठेवू, बाकी कोणाला कळणार नाही."

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

"पण कच्ची टेप तर बाहेर आहेच नं," तीच म्हणाली. "जकार्तावाला पण साफ करतोय. त्याला मराठी नाही येत, पण तो विचारेल कोणाला तरी. आता सगळे सगळ्यांना विचारतात."

मी तिला म्हटलं, कापू नकोस. फक्त माझं पत्र पोचेपर्यंत थांब. तिने सोळा तारखेपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे.

मी तुला पायाचं आणि ठोक्यांचं लिहिलं, ते भीती वाटली म्हणून नाही. आता मी दुपारी लॅपटॉप बंद करून शिवणयंत्राजवळ बसते. काही होत नाही. वाईट त्याचं वाटतं.

माफी मागत नाही. ती मागितली की पुढचं ओझं तुझ्यावर.

प्रियू

&nbsp;

विश्रांतवाडी
गुरुवार, ११ डिसेंबर

राधा,

तुझं पोस्टकार्ड काल मिळालं. पोस्टकार्ड अजून मिळतात हेच मला माहीत नव्हतं. पोस्टमनने ते वाचलेलं असणार, देताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मायना नाही, सही नाही. "सगळं ऐकलं. निघताना त्याचा चेहरा कसा होता? खरं लिही."

अक्षर तसंच आहे तुझं. ट आणि ठ मधला फरक तेव्हाही कळायचा नाही.

निकिताने गेल्या महिन्यात सतरा तारखेला साफ केलेली टेप इंटरनेटवर ठेवली. तिने मला विचारून त्याच्याखाली आपल्या चौघांची नावं घातली, आणि शब्द तुझे आहेत असं लिहिलं. आता तिथे हजारो माणसं येऊन जातात. बहुतेक ठोक्यांसाठी. कोणी म्हणतं बनाव आहे, कोणी म्हणतं उंदीर, एकाने पृथक्करणाचा आलेख टाकलाय. एका बाईने, कुठल्या देशाची आहे कोण जाणे, एवढंच विचारलंय की शेवटी बोलणाऱ्या दोघांचं पुढे काय झालं. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तुझं कार्ड आल्यावर मी लगेच लिहायला बसले. एक अख्खं पान लिहिलं. लिहिलं की तो हसत होता. दारात थांबून त्याने केसांवरून हात फिरवला, नेहमीसारखा, आणि तुझं नाव घेतलं. त्या निळ्या शर्टाची कॉलर नीट केली. सगळं मला लिहिताना दिसत होतं, इतकं स्पष्ट की मीही विश्वास ठेवला. वाचून पाहिलं. फार सुंदर पान झालं होतं. सिस्टर बेनेडिक्टाने वर्गात वाचून दाखवलं असतं. मग ते फाडलं.

तुला मी मागच्या पत्रात लिहिलं की तो "बरं" म्हणाला आणि गेला. तसं नाही. टेप ऐकल्यावर तुझ्याही लक्षात आलं असेल. बरं आणि कडी यांच्यामध्ये अकरा सेकंद आहेत. निकिताने मोजले. तेवढ्यात काहीच नाही. पावलं नाहीत, चपला घातल्याचा आवाज नाही, चपला त्याआधीच घालून झाल्या होत्या. श्वाससुद्धा नाही. तिने त्या अकरा सेकंदांवर दोन रात्री घालवल्या. म्हणाली, "काकू, तिथे माणूस आहे हे नक्की, खोली रिकामी असली की वेगळी वाजते. पण तो काय करतोय ते नाही काढता येत मला. सॉरी."

मला खोटं बोलता येत नाही, हे त्याला माहीत होतं. लहानपणापासून. मी खोटं बोलले की तो काही म्हणायचा नाही, नुसता बघत उभा राहायचा, मी स्वतःहून कबूल होईपर्यंत.

त्याला कळलं होतं का? कळूनही गेला असेल का, मी बहीण आहे म्हणून, की आधी मावशीकडे बघू आणि मग स्टेशन गाठू म्हणून? की खरंच विश्वास ठेवला? हे तुला मी सांगू शकले असते. जगात मी एकटीच सांगू शकले असते. म्हणून तू विचारलंस.

मला माहीत नाही, राधा. मी माझ्या गाण्याच्या माइकची वायर गुंडाळत होते. ती गुंडाळून झाली होती, तरी गुंडाळत होते. अकरा सेकंद तो माझ्या पाठीमागे दारात उभा होता, आणि मी मागे वळून पाहिलं नाही.

प्रियू